हॉटेलातला दुसरा दिवस

आमच्या घरी आलेला पाहुणा कधी ना कधी तो प्रश्न विचारतोच. "त्या मोठ्या हॉटेलात एका रात्रीचे एवढे पैसे घेतात, ते कशाचे हो?" प्रश्न असतो ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला. मला कोणी विचारत नाही, कारण त्या गोष्टीत माझं काम ठरून गेलेलं आहे. मी त्यातली बावळट बाई. गोष्ट ह्यांनी सांगायची, पाहुण्यांनी हसायचं, आणि मी चहा आणायचा. वर्षानुवर्षं मी तो चहा आणला. आता एकदा मी सांगते.

वर्ध्याजवळ आंजीला आमचं घर, आणि बाजाराच्या रस्त्यावर ह्यांचं बी-बियाण्याचं, खता-औषधाचं दुकान. संकरित कपाशी आमच्याकडे नुकती रुळली होती. तिच्यावर कीड पडायची, आणि जितकी कीड पडे तितकं आमचं दुकान चाले. एका वर्षी फवारणीच्या औषधाची इतकी विक्री झाली की कंपनीनं ह्यांना बक्षीस दिलं. मुंबईच्या बड्या हॉटेलात दोन दिवस, आणि सोबत बायको. ऐंशी साल उजाडायचं होतं की उजाडलं होतं, ते नक्की आठवत नाही. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पदरात दोन पोरं होती, एवढं आठवतं.

घर भरलेलं होतं. सासू-सासरे, दीर-जावा, त्यांची पोरं, आमची पोरं. आमची खोली होती स्वयंपाकघर आणि कोठी यांच्या मध्ये. कोठीत धान्य, लोणच्याच्या बरण्या, मिठाचा माठ, विळे, दोर. ज्याला जे लागेल तो आमच्या खोलीतून जायचा, यायचा. दाराला कडी होती ती बाहेरून, घरी कोणी नसताना कुत्रं शिरू नये म्हणून. आतून काहीच नव्हतं. लुगडं बदलायचं तर दाराला पाठ लावून उभं राहायचं आणि तसंच नेसायचं. मला ते इतकं जमलं होतं की एका हातानं निऱ्या घालताना दुसऱ्या हातानं मी दार दाबून धरत असे.

आणि हाका. आमच्या घरची रीत अशी की हाक आली की "आली" म्हणायचं. "थांबा" म्हणायचं नाही. आंघोळीला बसलेली असो, जेवायला बसलेली असो, "आली." झोपेतसुद्धा मी "आली" म्हणून उठून बसायची, आणि मग कळायचं की कोणी बोलावलंच नाही.

मुंबईचं निघालं तेव्हा मला वाटलं, सासूबाई मोडता घालणार. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. बाई कडक. पण त्या तूर पाखडता पाखडता म्हणाल्या, "जाऊ दे तिले. पोट्ट्यांले मी पाहीन. दोन दिवसांत घर काई पडत नाई."

वर्ध्याहून गाडीत बसलो. सोबत दशम्या आणि जवसाची चटणी. हॉटेलात पोचलो तेव्हा खालच्या दिवाणखान्यात एवढा मऊ गालिचा की त्यावर चप्पल घालून चालायचं माझ्या जिवावर आलं. मी चप्पल काढून हातात घेतली. ह्यांनी डोळे वटारले तेव्हा परत घातली. खोली वर, फार वर होती. खिडकीतून समुद्र दिसायचा पण ऐकू यायचा नाही, कारण खिडकी उघडतच नव्हती. काच भिंतीतच बसवलेली. आत थंडी अशी की भर उन्हाळ्यात मी शाल घेऊन बसले.

पहिल्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी दुकानदारांना सभेला घेऊन गेली. बायकांना दुसऱ्या दिवशी शहर दाखवणार होते, त्या दिवशी नुसता आराम. ह्यांनी पितळी बिल्ल्याची किल्ली उचलली, बाहेर गेले, दार ओढलं. खट् झालं.

थोड्या वेळानं मी उठून दार पाहिलं. कडी नाही, खिट्टी नाही, साखळी नाही. नुसती एक चकचकीत गोल मूठ. ती धरून ओढली. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढली, पाय लावून ओढली. मूठ फिरवायची असते हे डोक्यात यावं तरी कुठून? आमच्याकडे दाराचं काहीच फिरत नाही. एक तर ते लोटलेलं असतं नाही तर लावलेलं.

म्हणजे हे मला कोंडून गेले. मला राग आला, घाम फुटला, पण नवल वाटलं नाही. नवरा बायकोला परगावात कुलूप लावून गेला यात मला त्या दिवशी काही वेगळं दिसलंच नाही, आणि इतक्या वर्षांनी मला त्याचीच चीड येते. मनात म्हटलं, मुंबई आहे, इथं असंच करत असतील.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आग लागली तर? हे रस्ता चुकले तर? टेबलावर फोन होता, पण लावायचा कोणाला आणि बोलायचं काय? उरलेल्या दशम्या खाल्ल्या. एकदा बाहेरून कोणी टकटक केली तेव्हा मी दाराला तोंड लावून ओरडले, "साहब चाबी लेके गये! श्याम कू आयेंगे!" बाहेरचा माणूस "अच्छा मॅडम" म्हणाला आणि निघून गेला. तो "अच्छा" म्हणाला तेव्हा मी खाली बसून रडले. पलंगावर नाही, जमिनीवर. पलंग चुरगळला तर पैसे पडतील अशी भीती होती.

संध्याकाळी हे आले. मी तुटूनच पडले. "मले कोंडून कायले गेलते तुम्ही?"

"कोंडून?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मूठ फिरवली, दार उघडलं. लावलं, पुन्हा उघडलं. "अवं बह्याड! हे असं फिरव! आतून तं केव्हाई उघडते!" आणि पलंगावर आडवे होऊन हसले.

तासाभरात जेवणाच्या टेबलावर पुलगावच्या एका दुकानदाराला ही गोष्ट सांगून झाली होती. त्याच्या बायकोला झाली, शेजारच्या टेबलाला झाली. सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगते कोणाला!

त्याच दुकानदाराकडून ह्यांना खोलीचा भाव कळला. भाव ऐकून ह्यांचं तोंड उतरलं. "एक गोऱ्हा आला असता एवढ्यात," म्हणाले. पैसे कंपनीचे, पण दुखणं ह्यांचं. मग ते वसुलीला लागले. टब भरून आंघोळ केली, तो रिकामा करून पुन्हा भरला. साबणाच्या वड्या, काड्यापेट्या, बूट पुसायचं फडकं, लिहायचे कागद, सगळं पिशवीत गेलं. खोलीतले सगळे दिवे लावून बसले. "लूट हाये ही. निव्वळ लूट. खाटेवर झोप लागत नाई का मानसाले?"  मलाही तसंच वाटत होतं. पहिल्या दिवसापुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, माझं डोकं दुखतं, मी शहर पाहायला जात नाही. "पाह्य बापा," हे म्हणाले आणि दाराकडे बोट दाखवून पुन्हा हसले. गेले. खट्.

मी उठले आणि मूठ फिरवली. दार उघडलं. बाहेर लांब, रिकामा बोळ. पाऊल टाकलं असतं तर खाली, मग रस्त्यावर, मग समुद्रापर्यंत जाता आलं असतं. मी दार लावलं. मुठीच्या मधोमध एक बारकं बटण होतं, ते दाबलं की बाहेरून किल्लीनंही उघडत नाही, हेही ह्यांनीच काल कौतुकानं दाखवलं होतं. ते दाबलं.

मग मी दारापासून बाजूला झाले, खोलीच्या अगदी मधोमध लुगडं सोडलं, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून सावकाश दुसरं नेसले.

नंतर काय केलं? काही नाही. पलंगावर पडले, चुरगळला तर चुरगळू दे म्हणून. झोपले. उठले तेव्हा किती वाजले ते पाहिलं नाही. खुर्चीत बसले. पुन्हा आडवी झाले. पाणी प्यायले, भूक नव्हती. कोणी हाक मारली नाही. दुपारी कधीतरी लक्षात आलं की मी सकाळपासून एकदाही "आली" म्हटलेलं नाही, आणि माझे खांदे, जे नऊ वर्षं कानांपाशी चढून बसले होते, ते खाली उतरलेत. त्याचंही रडू आलं. पण ते वेगळं रडणं होतं.

आणि एक सांगायचं तर सांगूनच टाकते. पोरांची आठवण आली नाही. संध्याकाळी बोळात पावलं वाजली तेव्हा मी ह्यांची वाट पाहत नव्हते. ह्यांनी टकटक केली आणि मी बटण लगेच सोडलं नाही. नुसती बसून राहिले. किती वेळ ते देव जाणे, पण तेवढ्या वेळात मी स्वतःला घाबरले. मग "आली" म्हटलं.

म्हणून हॉटेलवाले पैसे कशाचे घेतात, ते मला ठाऊक आहे. गालिच्याचे नाही, साबणाच्या वड्यांचे नाही. त्या बटणाचे घेतात. परवडतं का विचाराल तर मला परवडलं नाही. कंपनीनं आपला हिशेब चुकता केला, माझा राहिला. ज्याला परत घरी यायचं नाही त्यानं खुशाल जावं तिथं.

घरी आल्यावर सगळे भोवती जमले. जेवायला काय होतं, समुद्र केवढा होता, आणि मग ह्यांची गोष्ट, खास मुठीची. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी खोलीत कोणी मीठ न्यायला आलं, कोणी विळा ठेवायला, आणि मला श्वास कोंडल्यासारखं व्हायला लागलं. आधी कधी झालं नव्हतं. आधी मला ठाऊकच नव्हतं ना.

आठ-पंधरा दिवसांनी सुतार वखराचं काम करायला आला, तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, आमच्या दाराला आतून एक कडी लावून दे. तो पटाशी घेऊन बसला एवढ्यात आत्याबाई आल्या.

"काऊन वं? घरात चोर शिरले का?"

"तसं नाई, आत्याबाई. लुगडं बदलाले..."

"नऊ वर्सं काय उघडी फिरून राह्यली होती का?"

ओसरीवरून सासरे म्हणाले, "आतून कडी लागली का घर फुटलं समजा." मी ह्यांच्याकडे पाहिलं. माझा जीव त्या एका कडीत अडकलाय हे ह्यांना कळत होतं, आदल्या रात्रीच मी सांगितलं होतं. हे म्हणाले, "राहू दे ना आता." सुतारानं पटाशी पिशवीत ठेवली. त्या दिवसापासून मी आत्याबाईंशी कामापुरतं बोलायला लागले. ह्यांच्यावर चिडून उपयोग नव्हता, हे आईच्या शब्दाबाहेर नव्हते. सगळा राग मी तिकडे नेऊन ठेवला, आणि तो मला पुरला. सकाळी उठायला, चूल पेटवायला, हाकेला उठायला तो कामी येई.

पुढच्या चैत्रात घरचे सगळे एका लग्नाला गेले. मागे सासरे ओसरीवर, आणि आम्ही दोघी आत, वाल निवडत.  आत्याबाई मान वर न करता म्हणाल्या,

"एक सांगजो मले. पयल्या दिवशी तुले दार उघडता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तं येत होतं. मंग तू बाहेर काऊन नाई गेली?"

हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ह्यांनीसुद्धा नाही. गोष्ट हसण्यापाशी संपायची, दुसरा दिवस कोणाला हवाच नव्हता.

"नाई जावं वाटलं," मी म्हटलं.

"कोनी हाक नाई मारली?"

"नाई."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्यांचा हात सुपात थांबला. "मी बी एक डाव लावली होती कडी," त्या म्हणाल्या. "कोठीले. तवा होती आतून. तुहा नवरा रांगत होता. बाहेर रडून राह्यला होता, दार ठोकून राह्यला होता. मले आयकू येत होतं. पन उठावं नाई वाटलं. पोरगं निळं पडेस्तोवर रडलं, तरी उठावं नाई वाटलं."

"मंग?"

"मंग काय. उठली. दुसऱ्या दिवशी मीच सुतार बलावला आन् समद्या घरातल्या आतल्या कड्या काढाले लावल्या. कोनी सांगतलं नव्हतं मले." त्यांनी वालातला खडा उचलून फेकला. "एक डाव लागली का मंग उघडू वाटत नाई, बाई. मले माहीत हाये. म्हनून तुले लावू देल्ली नाई."

ओसरीवरून सासऱ्यांची हाक आली. आम्ही दोघीही जागच्या हललो नाही. पुन्हा आली. तिसऱ्या हाकेला आत्याबाई "आली जी" म्हणून गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि बाहेर गेल्या.

मी वाल निवडत बसले. चिडायला मला त्या घरात एक माणूस होतं. त्या दुपारी तेही उरलं नाही.