काढली म्हणून सांगितलेली गाठ

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई विड्या वळायला कारखान्यात जायची, त्यामुळं मला अंघोळ घालणं, शाळेत सोडणं, कुणी मारलं तर त्याच्या घरी जाऊन जाब विचारणं, सगळं आक्काकडं होतं. पुढं तिचं लग्न होऊन ती करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात गेली. दाजींची तीन एकर केळी होती. त्यांना एकच मुलगी, ती करमाळ्याला बारावीत शिकत होती.

त्या उन्हाळ्यात आक्काचं पोट फुगायला लागलं. गॅस हाय म्हणून ती ओवा खात राहिली. परकराची नाडी पुरेना तेव्हा करमाळ्याच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी सोनोग्राफी केली, पोटातलं थोडं पाणी काढून तपासलं आणि सोलापूरला जा म्हणून चिठ्ठी दिली. मी सोलापुरातच राहतो, चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आठ दिवसांची रजा टाकली.

सोलापूरच्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी दाजींना आणि मला समोर बसवलं. बीजांडकोशावर गाठ आहे आणि ती कॅन्सरची वाटते, असं स्पष्ट सांगितलं. "कितपत पसरलंय ते पोट उघडल्यावरच नक्की कळेल. निघण्यासारखं असेल तर सगळं काढू. नसेल तर तपासायला तुकडा घेऊ आणि बंद करू." ऑपरेशनला चार तास तरी लागतील म्हणाल्या.

आक्काला सकाळी नऊला आत नेलं. साडेदहा वाजायच्या आत नर्सनं आमचं नाव पुकारलं.

दाजींचा चेहरा उजळला. "लवकर झालं की, पाव्हणं. गाठ बारकी असंल."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. बाई दारात आल्या, मास्क खाली केला. पोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्यांवर, सगळीकडं बारीक बारीक गाठी पसरल्या होत्या. आतडी एकमेकांना चिकटली होती. तुकडे घेतले होते, बाकी काही काढता आलं नव्हतं.

"आता आधी केमो द्यायची," त्या म्हणाल्या. "तीन वेळा देऊ, मग बघू. गाठी आकसल्या तर पुन्हा ऑपरेशन करून काढता येतील. पण वेळ घालवू नका. आणि पेशंटला हे समजलं पाहिजे."

"आम्ही सांगतो," मी म्हणालो. "तुम्ही नका सांगू. ती घाबरंल."

बाईंनी मास्क पुन्हा वर केला. "ठीक आहे. पण सांगा."

दुपारी आक्का शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडले होते. मी कापूस ओला करून ओठांवरून फिरवला. तिनं पहिलंच विचारलं, "काढली का रं गाठ?"

"काढली," मी म्हणालो.

लहानपणी माझं खोटं तिला लगेच कळायचं. त्या दिवशी कळलं नाही. तिनं डोळे मिटले, माझा हात धरला, तसाच धरून झोपली. दाजी खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही, आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं.

टाके काढून ती गावाला गेली. बघायला येणाऱ्या बायकांना सांगायची, "भावानं धावपळ केली म्हणून वाचले." हे मला दाजींनी फोनवर सांगितलं. रिपोर्ट आला, कॅन्सर पक्का झाला. केमोची तारीख घेऊन मी फोन केला, तर आक्का हसली.

"आता कशाला? कापून काढलीया की. त्यानं केसं जात्यात म्हणं. केळीचा घड कापायला आलाय, हितं कोन बघंल?"

"डॉक्टर म्हणतात घ्यायला पाहिजे."

"डॉक्टर म्हनत्यातच. मी बरी हाय."

तिचं चुकत नव्हतं. जे तिला सांगितलं होतं, त्यावरून ती बरोबरच बोलत होती. माझी बायको म्हणाली, "जाऊन खरं सांगा, नाहीतर मी सांगते." रविवारी जातो म्हणालो. त्या रविवारी कंपनीत माल मोजायचा होता. पुढच्या रविवारी काहीच नव्हतं, तरी गेलो नाही. असे सहा आठवडे गेले.

मग दाजींचा फोन आला. पोट पुन्हा भरलं होतं. आक्काचं म्हणणं, टाके नीट घातले नाहीत.

टेंभुर्णीला एस.टी. बदलून दुपारी पोचलो. ती केळीच्या बांधावर बसली होती. खाली पाण्यावर मोटार चालू होती, म्हणून मला मोठ्यानं बोलावं लागलं. असली गोष्ट मोठ्यानं बोलणं फार अवघड होतं.

"आक्का, गाठ काढली नव्हती. काढताच येत नव्हती. लई पसरलं होतं."

तिनं पोटावर हात ठेवला.

"म्हंजी नुसतंच पोट फाडलं व्हय?"

"तुकडा घेतला तपासायला. कॅन्सर हाय."

"आन तू म्हनलास काढली."

"व्हय."

"ह्यास्नी ठावं होतं?"

"होतं."

"माज्या पोटात काय हाय ते समद्यास्नी ठावं. मला सोडून." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं पदर सावरून उठली आणि म्हणाली, "चल. कवा जायाचं सांग."

दुसऱ्या दिवशी तिला माझ्या घरी आणलं. केमो सुरू झाली. पहिल्या वेळी ती टिकली. दुसऱ्या वेळी उलट्या आणि तापानं इतकी खचली की तिसरी देता आली नाही. बाईंनी पुन्हा फोटो काढून पाहिला. गाठी आकसल्या नव्हत्या. दुसरं ऑपरेशन होणार नव्हतं.

मी बाईंना एकट्यानं गाठून विचारलं, "ते सहा आठवडे गेले नसते तर?"

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता." मला उगाच धीर द्यावा असं त्यांना वाटलं नाही. मी तसाच जिन्यावर बसून राहिलो.

आक्का शेवटचे दिवस माझ्याच घरात होती. पेज चमच्यानं पाजायचो, दोन चमचे झाले की ती मान फिरवायची. एकदा मी पाय चेपत होतो, तेव्हा म्हणाली, "पोरीला बोलावून घे. आन तिला खरं सांग. मी सांगाय गेले तर मला रडू येतंय."

भाची संध्याकाळच्या गाडीनं आली. मी तिला स्टँडवर आणायला गेलो. गर्दीतनं ती बॅग घेऊन आली आणि घरी जाईपर्यंतही थांबली नाही. तिथंच, रसाच्या गाड्याजवळ उभी राहून विचारलं, "मामा, आई बरी होईल का?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं बॅग खाली ठेवली. रडली नाही. कुठं दुखतंय तिला, जेवते का, किती दिवस आहेत, असं एकेक विचारत गेली आणि मी जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. मग आम्ही रिक्षा केली. अकरा दिवस ती आईच्या उशाशी होती. तिचं डोकं विंचरायची, म्हणजे नुसता हात फिरवायची, केस उरलेच नव्हते. दोघी काय काय बोलायच्या, मी ऐकायला गेलो नाही. बाराव्या दिवशी सकाळी आक्का गेली.