करावेच्या खाडीतल्या गोंदलेल्या वामी

कऱ्हाडहून पहाटेच्या एसटीने निघाले, तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं, ही मुंबई बघायला चालली. मी त्यांचा समज मोडला नाही. धाकटा भाऊ मासे गोंदवतो आणि ते बघायला मी इतक्या लांब चालले आहे, असं सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यातच काढलं असतं. पण खरं तेच होतं. ऐंशीच्या सुमाराला आमचा वसंता माशांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात नोकरीला होता. तळ्यात वामी (सापासारखा लांबट, बुळबुळीत मासा) वाढवायच्या, त्यांच्यावर खूण करायची आणि खाडीत सोडून द्यायच्या. पुढे खुणेची वाम कुणाच्या जाळ्यात आली, की सोडलेला मासा जगला हे कळणार. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. सोडलेल्यांतली एकही वाम पुन्हा दिसली नव्हती. म्हटलं, जाऊन बघावं तरी.

पनवेल मागे पडलं आणि फोडलेले डोंगर, मिठागरं नि मध्येच उगवलेल्या चार मजली इमारती दिसू लागल्या. वसंता राहायचा त्या वाशीला उतरले. रस्ते चांगले ऐसपैस, पण माणूस औषधाला सापडेना. इमारती सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. मी ऐटीत तिसरा मजला चढून भलत्याच दाराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाई सोलापूरच्या निघाल्या आणि त्यांनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. म्हणाल्या, आमच्या सोसायटीत सगळेच चुकतात, आमचे हे तर महिन्यातून एकदा चुकतात. वसंताचं घर पलीकडच्या इमारतीत होतं.

दुसऱ्या दिवशी करावे गावाला गेलो. तळं काशीबाईंचं. ह्या तिथल्या आगरी बाई, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. तळ्याच्या तीन बाजूंना नव्या शहराने मातीचा भराव घातलेला होता. वसंताच्या केंद्राने तळं वापरायला घेतलं होतं, म्हणूनच ते अजून शाबूत होतं. आता वसंताचे साहेब परवा येणार होते. खुणेची एक तरी वाम खाडीत मिळाल्याचं दाखवता आलं नाही, तर काम बंद. केंद्राने गाशा गुंडाळला की तळ्यात भराव पडणार, हे काशीबाईंना पक्कं ठाऊक होतं. सासऱ्याने खणलेलं तळं, मी आलेय त्यावर नांदायला, एवढंच त्या म्हणाल्या आणि वामींना खायला टाकायला गेल्या.

गोंदवण्याचा सोहळा मोठा मजेचा. बर्फाच्या पाण्यात वाम ठेवली की ती सुस्त होते. मग काशीबाई हाताला चुलीतली राख फासून तिला धरणार आणि वसंता सुईने तिच्या पांढऱ्या पोटावर कातडीखाली निळा रंग भरणार. मी म्हटलं, मलाही धरू दे. वसंता नको नको म्हणत होता. पण मी कुणाचं ऐकायची? राख न लावताच धरली. ती सुळकन निसटली ती थेट माझ्या निऱ्यांत. पुढचं सांगण्यासारखं नाही. मी तळ्याच्या बांधावर असा काही नाच केला, की गावातल्या पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची करमणूक झाली. काशीबाई हसून हसून खाली बसल्या, डोळ्यांतून पाणी काढलंन् बाईने.

दुपारी त्यांच्याकडेच जेवलो. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, सुका जवळा आणि वामीचं झणझणीत कालवण. खाडीतलीच वाम, सकाळी त्यांच्या जाळ्यात आलेली. मी आपली थट्टेने म्हटलं, काशीबाई, ही गोंदलेली नव्हती ना, बघितलंत का?

त्यांचा हात थांबला. चेहरा पडला.

"ताई, गोंदलेली आमी कशाला खाऊ? ती गावली का लगेच पान्यात सोडतो."

वसंताच्या हातातला घास ताटात पडला. गावल्या? किती? काशीबाई म्हणाल्या, गावतात की, सगळ्यांनाच गावतात. काल शेजारणीला, परवा त्यांच्या दिराला.

हळूहळू उलगडा झाला. काम सुरू करताना वसंताने गावदेवीच्या देवळापुढे सगळ्यांना बजावलं होतं, की निळ्या गोंदणाची वाम आमची, तिला हात लावायचा नाही. त्याला म्हणायचं होतं, तळ्यातून चोरू नका. पण ह्या गावाची रीत अशी, की ज्याच्यावर कुणाची निशाणी आहे, मग तो खाडीतला जाळं बांधायचा खुंट असो की भरतीने वाहून आलेली टोपली, ते त्याचं. आपल्या जाळ्यात आलं तर गुपचूप सोडायचं आणि वाच्यता करायची नाही. बोललं की चोरीचा संशय येतो आणि भांडणं लागतात. वसंता रोज बाजारात जाऊन विचारायचा, गोंदलेली वाम आहे का कुणाकडे? सगळे खरं तेच सांगायचे, की नाही. कुणी ठेवलेलीच नव्हती!

मी वसंताला म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या, एवढा शिकलास आणि नीट विचारायला नाही शिकलास. तो बिचारा उष्ट्या हातानेच देवळाकडे धावला. गावदेवीपुढे पुन्हा माणसं गोळा केली आणि हात जोडून विनवलं, माझीच वाम मला आणून द्या.

साहेब आले त्या सकाळी ओहोटी होती. खाडीवरून एकेक जण हंडे, घमेली डोक्यावर घेऊन तळ्याकडे येऊ लागला. प्रत्येकाने आपली वाम बर्फाच्या पाण्यात ओतली आणि वसंताकडे न बघताच बाजूला झाला, जणू उसनी वस्तू परत करून जावी तसा. निळे ठिपके चांगले ठसठशीत दिसत होते. वामी पोसल्याही होत्या. साहेब वाकवाकून बघत राहिले. काम चालू राहील, असं त्यांनी तिथेच सांगितलं. आता त्यांना एकच कळेना. त्यांनी काशीबाईंना विचारलं, एक जरी दाखवली असतीत तरी तुमचं तळं वाचणार होतं, हे ठाऊक होतं ना? मग तुम्ही का सोडल्यात?

काशीबाईंनी पदर सारखा केला.

"तलं माजं हाय सायेब. वाम माजी नवती."

 वसंताने मान खाली घातली. मला तर त्या बाईचा रागच आला, दुसऱ्याच्या वामीपायी आपलं तळं घालवायला निघाली होती!

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. भरावाच्या मातीचे ट्रक रांगेने समोरून येत होते. कऱ्हाडला उतरले तशा गल्लीतल्या बायका जमल्या. नवी मुंबई कशी आहे, इमारती किती उंच, दुकानं केवढी, एकच गलका. मी म्हटलं, इमारती राहू द्या, आधी काशीबाईंचं ऐका. आणि सांगता सांगता त्यांच्यापुढेच मला रडू आलं.