पळता घड

अक्षराकडे बघू नका आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर नावच काढू नका. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर हाताला लाटण्याचीच सवय. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवलेली बरी. कागद काय, वाऱ्याने कुठेही जातो.

तर सांगायचं हे, की आमच्या अख्ख्या गावाला माझं वजन माहीत आहे.

ते असं झालं. दिवाळीनंतर जळगावच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि म्हणाले, "साखर अगदी काठावर आहे. रोज पहाटे पळा, नाहीतर गोळ्या सुरू." पळा! मी शेवटची पळाले होते ती चौथीत, तेही शाळेमागे बैल सुटला म्हणून. शिवाय मी लाजाळू. दुकानात काही मागायचं तर दुकान रिकामं व्हायची वाट बघत उभी राहते. (दुकान रिकामं होत नाही. त्या हिशेबाने घरातली साखर कमी व्हायला हवी होती, पण ती हे आणतात.)

बुटांचा विषय निघाला तेव्हा आमचे हे म्हणाले, "पळायला बूट कशाला? म्हशी पळतात, त्यांना कोणी बूट घेतले?"

पण माझ्या सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि बुटांचे पैसे माझ्यासमोर ठेवले.

"तुना सासरा साखरमाच गया," अक्का म्हणाल्या. "माले पुन्हा दवाखानाना पायऱ्या चढाना नहीत. संक्रांतलोंग रोज पय. एक दिन बी घर बठनी, का बठ्ठा पैसा परत!"

संक्रांतीपर्यंत रोज पळायचं, एक दिवस जरी घरी बसले तरी सगळे पैसे परत, अशा बोलीवर मी पळू लागले. लोक म्हणतात थंडीत उठायला मनाची तयारी लागते. माझी तयारी अक्का करायच्या. पहाटे माझ्या अंगावरची गोधडी ओढायच्या आणि तिची घडी करून तिच्यावर बसायच्या. आता अक्कांना उठवणार कोण? त्यापेक्षा पळणं सोपं.

माझी अट एकच. मला कुणी बघता कामा नये. कुणी बघितलं, की मी मेले. दुसऱ्या दिवशी पाऊल बाहेर पडणार नाही आणि पैसे गेले. म्हणून मी केळीच्या बागांमधला गाडरस्ता निवडला. तिथे अंधारात केळी सोडून कोण असणार?

मग थंडी वाढली. धुळ्याला दिलेली माझी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, थरावर थर घाल. आतला घाम शोषणारा, मधला ऊब देणारा आणि वरचा वारा अडवणारा."

मुलीचा शब्द मी खाली पडू देत नाही. आत ह्यांचं बनियन. त्यावर सासऱ्यांचा हिरवा स्वेटर. खाली मुलीची जुनी ट्रॅकपँट, त्यावर साडी (साडीशिवाय घराबाहेर पडायचं म्हणजे काय!), डोक्याला कानटोपी. दोन थर झाले. वारा अडवणारा थर काही घरात सापडेना.

"त्यात काय एवढं?" हे म्हणाले. ह्यांनी आयुष्यभर केळी लावली, ह्यांचं सगळं जग केळीभोवतीच फिरतं. थंडीने केळी काळी पडू नयेत म्हणून घडाला निळी पिशवी घालतात, वरून बांधतात, खालून मोकळी. तशी एक पिशवी ह्यांनी खोलीतून आणली. "घडाला वारा लागत नाही, तुला लागेल होय?"

"अहो, पण ही मला येईल का?"

ह्यांनी मला एकदा वरून खाली बघितलं. "मोठ्या घडाची आहे," म्हणाले.

आली. डोकं वरच्या तोंडातून बाहेर, हात आतच, आणि पाय खालून गुडघ्यापुढे. पावलं बदकासारखी पडत होती, पण ऊब अशी की काय सांगू! त्या दिवशी हंगामातली सर्वांत कडाक्याची थंडी होती आणि मी गाडरस्त्याने खुशीत चालले होते. म्हटलं, एवढ्या थंडीत तर कुत्रंही बाहेर येणार नाही.

इथेच चुकलं. एवढ्या थंडीत केळीवाले झोपतच नाहीत! बागेला ऊब मिळावी म्हणून बांधाबांधावर शेकोट्या पेटवून, धूर करून बसतात. आणि त्यात त्या आठवड्यात गावात घडांच्या चोऱ्या चाललेल्या.

धुरातून आवाज आला, "कोन शे रे?"

नाना! माझे चुलत सासरे. त्यांच्यासमोर मी लग्नापासून आजवर एक शब्द बोललेले नाही. ते दिसले की डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच आमचं बोलणं. "मी आहे हो," म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण सून सासऱ्याला ओरडून कशी सांगणार? सवयीने पदर घ्यायला गेले, तर पदर पिशवीत, हातही पिशवीत! मग मी हाताशी होतं ते केलं. पिशवी आतून वर ओढली आणि कासवासारखी मान आत घेतली.

आता नानांना काय दिसलं असेल? निळ्या पिशवीतला एक भलामोठा घड, आणि त्याला दोन बूट.

"घड चालना!" नाना किंचाळले. "आरे धरा, घड चालना!"

घड पळाला. डॉक्टरांनी बघायला हवं होतं, असा पळाला! मागून नाना, नानांचा गडी, शेजारच्या बांधावरचे दोघं-तिघं, आणि कुणीतरी ढोलाऐवजी डबा वाजवत होतं. मला पिशवीतून फक्त निळं निळं दिसत होतं. तेवढ्यात गुडघ्याला काहीतरी लोखंडी लागलं आणि मी त्याच्यावर चढून उभी राहिले. निदान थांबायला जागा मिळाली.

तो वजनकाटा होता. रस्त्याच्या कडेला केळीचा ट्रक भरायला लागला होता, आणि मुकादमाची काट्याकडे पाठ, नजर फक्त समोरच्या पडद्यावरच्या आकड्यावर. त्याने सवयीने आकडा मोठ्याने पुकारला. ट्रकवरच्या मजुरांनी ऐकला. दूध घालायला निघालेल्या सगळ्या गावाने ऐकला. (किती, ते मी इथे लिहिणार नाही. गावात कुणालाही विचारा.)

मुकादम खूश होऊन म्हणाला, "वा! हा घड कुठल्या बागेतला हो? ह्याला खत काय घातलं?"

तोवर नाना धापा टाकत पोहोचले आणि मुकादमाने पिशवी वर उपसली. हिरवा स्वेटर, कानटोपी आणि मी.

"आरे," नाना म्हणाले, "हाई ते आपली सून शे!"

मला काय सुचावं? वडीलधारे समोर आले की सुनेने वाकायचं, एवढंच मला येतं. मी काट्यावरच पदर घेऊन वाकले आणि नानांच्या पायांना हात लावला. आणि नानांनीही, एका हाताने छाती धरून, धापा टाकत आशीर्वाद दिला, "अखंड... सौ... भाग्यवती..."

तेवढ्यात सौभाग्य मोटारसायकलवरून आलं. हे माझ्याकडे धावत आले, मला बाजूला केलं आणि पिशवी उचलून उजेडात धरली. "फाटली नाही ना?"

दुसऱ्या दिवशी मी उठले नाही. अक्कांनी गोधडी ओढली, मी सतरंजी घेतली. सतरंजी ओढली, मी पलंगाखाली गेले. अक्का पलंगाखाली वाकून एवढंच म्हणाल्या, "पैसा."

बोली म्हणजे बोली. साड्यांना फॉल-पिको करून मी ते पैसे फेडू लागले. गिऱ्हाईक खूप आलं, कारण प्रत्येकीला घड बघायचा होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटचे पैसे अक्कांच्या हातावर ठेवले. अक्कांनी ते मोजले, कमरेच्या पिशवीत टाकले आणि काही न बोलता पाचोऱ्याच्या गाडीत बसल्या.

संध्याकाळी आल्या त्या गुलाबी बूट घेऊन. स्वतःच्या मापाचे.

पहाटे माझी गोधडी ओढली गेली. नऊवारीखाली गुलाबी बूट, आणि हातात दोन निळ्या पिशव्या.

"तुना पैसा फिटना," अक्का म्हणाल्या. "आते माले कोन पयाडी? ऊठ!"

अक्कांना पळवायचं काम आता माझं; आम्ही दोघी रोज त्याच रस्त्याने जातो. धुरातून नवा गडी एकदा ओरडत उठला, तर नानांनी त्याला खाली बसवलं.

"बठ रे. आपलाच घड शेतस. एक मोठा, एक ल्हाना."

मोठा कोणता, ते नानांनी सांगितलं नाही. वजन गावाला माहीतच आहे.