उचलली जीभ, लावली दगडाला

तुर्नोवमध्ये वेंदेलीन बोदलाक समोरून येताना दिसला की बायका गळ्यावर हात ठेवायच्या. माणूस सत्तरीला टेकलेला, एका गुडघ्यानं अधू, नजरेनं सरळ. तरी हात जायचाच, कारण बोदलाक मास्तर दागिने चाटायचे.

एकेचाळीस वर्षं त्यांनी सहकारी कारखान्यात लाल दगडांना पैलू पाडले होते. खरा दगड जिभेला थंड लागतो, काच लगेच कोमट होते, हे तुर्नोवच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाकीचे लोक ही परीक्षा घरात, दार लावून करत. मास्तर ती चर्चच्या पायरीवर, खाटकाच्या रांगेत, मयताच्या जेवणातही करत. बेकरीवाल्याच्या बायकोला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिळालेला ब्रोच त्यांनी चाटला आणि भर पंगतीत म्हणाले, "बाई, ही बाटली आहे." बेकरीवाला आठवडाभर पिठाच्या पोत्यांवर झोपत होता.

खानावळीत बियरचा दुसरा ग्लास संपला की ते शिकवणीच घेत.

"लाल दिसलं की माणिक म्हणणारा माणूस लाल नाक दिसलं की सर्दीच म्हणणार! अरे, माणिक उन्हात धर, आतून निखाऱ्यासारखं पेटतं. फिरवलं तर लालाच्या दोन छटा दाखवतं. स्पिनेल त्याचा चुलतभाऊ. दिसतो तसाच, पण कसाही फिरवा, रंग एकच. शेकडो वर्षं राजांच्या मुकुटात माणकाच्या नावावर बसून खाल्लं बेट्यानं. कोझाकोव्हच्या डोंगरावरचा कार्नेलियन दुधाळ, नारिंगीकडे झुकलेला. पोवळं तर दगडच नव्हे, समुद्रातल्या जिवांनी बांधलेली चाळ आहे ती."

"आणि आपला गार्नेट?" कुणीतरी मुद्दाम विचारायचं.

मग मास्तरांचा आवाज मऊ व्हायचा. "गार्नेट कष्टकरी. बारका, गडद, नांगराच्या तासात सापडणारा. वाटाण्याएवढा मिळाला तर पिढीभर सांगत बसावं."

"आणि काच?"

"काच आपल्याच गावची लेक. माणकाची नक्कल करणारी लाल काच आपल्याच पणजोबांनी भट्टीतून काढली. लेक म्हणून तिचे लाड करीन, पण तिला राणी म्हणणार नाही."

म्हणायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं. मास्तरांना खोटं बोललं की उचकी लागायची. लहानपणी आईला "जॅम मी नाही खाल्ला" म्हणाले, तेव्हापासूनची खोड. आणि ती उचकी अशी की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायचं.

त्यांच्या बायकोचं नाव द्राहा. तिथल्या भाषेत या शब्दाचे अर्थ दोन: लाडकी आणि महाग. मास्तरांनी पहिला अर्थ मनापासून पाळला आणि दुसऱ्याचा कधी प्रसंगच येऊ दिला नाही. गावभरच्या गळ्यांसाठी दगड घासणाऱ्याच्या बायकोचा गळा मात्र ओकाबोका. दिव्याखाली अंधार. नाही म्हणायला, लग्नाच्या वर्षी मास्तरांनी अख्ख्या उन्हाळ्याची मजुरी देऊन एक गार्नेट घेतला होता, चांगला वाटाण्याएवढा. द्राहाची अंगठी करायची होती. त्याला साजेशी घडण सुचेना म्हणून राहिलं, आणि राहिलं ते तंबाखूच्या डबीत छत्तीस वर्षं राहिलं.

एवढं सगळं गाव हसून घेत होतं. हसत नव्हती ती त्यांची मुलगी हेदविका. तिचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा मास्तरांनी मुलाच्या हातातली अंगठी घेऊन चाटली होती. दुसऱ्या वेळी मुलाच्या आईच्या कानातलं. त्या बाईच्या कानात असतानाच! आता हेदविका चौतिशीला आली होती आणि रादिम नावाचा एक भला बस-ड्रायव्हर तिच्यावर जीव टाकत होता.

"बाबा," ती म्हणाली, "या वेळी जीभ तोंडात राहू दे. हेही मोडलं तर मी परत कुणाला घरी आणणार नाही."

ती रडली असती तर मास्तरांनी समजूत काढली असती. ती नुसती सांगून भांडी घासायला गेली.

आणि नेमकं रादिमच्या घरी माणिक होतं. रादिमला वाढवलं त्याच्या आजीनं, ओतिलीबाईंनी. कोझाकोव्हच्या पायथ्याशी त्यांचं घर. त्यांच्या दिवंगत नवऱ्यानं लग्नात त्यांना एक लोलक घातला होता, मधोमध लाल खडा. माणिक, असं तो म्हणाला होता, आणि ओतिलीबाई पन्नास वर्षं तेच म्हणत होत्या. घरात येणाऱ्या सुनेनं तो घालून चर्चमध्ये उभं राहायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज.

सोयरीक ठरवायला मास्तर तिकडे गेले तेव्हा ओतिलीबाईंनी लोलक खिडकीपाशी धरून दाखवला. जिभेची गरजच पडली नाही. पैलूंच्या कडा पायरीसारख्या झिजलेल्या, आणि खड्याच्या पोटात बारीकसा बुडबुडा. काच. मास्तरांनी तोंडात अख्खं बुख्त कोंबलं, आत आलुबुखाराचा गोड मुरंबा असलेलं ते, आणि वर दुसरं कोंबलं. द्राहा टेबलाखालून त्यांचा बरा गुडघा दाबत होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, तशीच राहिली असती. पण ओतिलीबाईंच्या शेजारी शेबकोवाबाई राहायच्या, आणि त्या चाळीस वर्षं त्या मुठीकडे डोळे लावून बसल्या होत्या.

"बरं झालं हो ओतिली," त्या कुंपणावरून म्हणाल्या, "आता बोदलाक मास्तर घरचेच झाले. लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर चाखू देत की तुझं माणिक! आम्हीही एकदा बघू."

"चाखू देत," ओतिलीबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

लग्नाला सहा दिवस उरले असताना रादिमची बस भलत्याच थांब्यावर थांबली आणि तो धावत मास्तरांच्या दारात आला.

"घोटाळा झाला! आजी हंसिणींना भरवत होती. खडा लोलकातून निसटला आणि कणकेबरोबर हंसिणीच्या पोटात गेला!"

लग्नाच्या जेवणासाठी ओतिलीबाई दोन हंसिणी पोसत होत्या. पोसायच्या म्हणजे गुडघ्यांत धरून, मान वर करून, कणकेच्या वळकट्या घशात ढकलायच्या. हंस मोती वेचून खातो म्हणणाऱ्यांनी ओतिलीबाईंच्या हंसिणी पाहिलेल्या नव्हत्या. त्यांना वेचायला कुणी देतच नव्हतं.

"कुठल्या हंसिणीच्या?" मास्तरांनी विचारलं.

"तेच आजीला आठवत नाही. म्हणते, गेलं ते गेलं, नशिबात नव्हतं."

मास्तरांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांनी रुमालात नाक शिंकरलं. खडाच नाही तर चाटणार काय! पण द्राहा गृहिणी होती. "गेलं कसं?" ती म्हणाली. "पेटीत असेल की. शुक्रवारी कापल्या की मिळेल."

पक्ष्याची पेटी, म्हणजे पोटातली ती वाळू-खड्यांनी भरलेली कठीण पिशवी. या मुलखात पेटी कुणी न बघता टाकत नाही. शेतात टिपलेला गार्नेट कधी तिच्यात सापडतो. त्यामुळे शेबकोवाबाईंना ही बातमी कळताच त्या म्हणाल्या ते गावाला लगेच पटलं:

"मग मास्तरांच्या जिभेचं कामच नाही. पाच दिवस पेटीत वाळूबरोबर दळून माणिक गेलं तसं बाहेर येतं. काच येते ती उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखी. शुक्रवारी चारला मी येते. माझ्यासमोर पेटी चिरायची."

जेवण मुलीकडे होतं, म्हणून शुक्रवारी सकाळी कापलेल्या दोन्ही हंसिणी मास्तरांच्या परसात आल्या. मास्तरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "मी साफ करतो."

द्राहानं त्यांच्याकडे पाहिलं. या माणसानं जन्मात कांदा चिरलेला नव्हता. तिनं सुरी दिली.

लाकडाच्या खोपीत मास्तरांनी पहिली पेटी चिरली: वाळू, गारगोट्या, एक बटण. दुसरी चिरली आणि बोटांना खडा लागला. धुऊन उजेडात धरला. शेबकोवाबाईंचं बोलणं तंतोतंत खरं होतं, अगदी माशाच्या डोळ्यापर्यंत. मास्तर ओंडक्यावर बसले. चार वाजता शेबकोवाबाई हसणार, ओतिलीबाई पन्नास वर्षांचा अपमान एका दिवसात गिळणार, आणि त्या घरात हेदविकाचं पाऊल पडेल ते असं. तेही पडलं तर.

त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. आकार जवळपास तोच. त्यांनी डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"घाल आत," दारातून द्राहा म्हणाली.

"तुझा आहे गं तो."

"माझा कधी होता? छत्तीस वर्षं तंबाखूचा होता." ती आत आली, सुई-दोरा घेऊनच आली होती. "सरक. टाके मी घालते, तुझे दिसतील."

तिनं दोन्ही पेट्या इतक्या सुरेख शिवल्या की चिरा शोधून सापडेनात. मास्तरांना तिच्या बोटांकडे बघवेना. या बोटांत अंगठी घालायला घडण सुचत नव्हती म्हणे! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

चारला शेबकोवाबाई आल्या, दोन साक्षीदार बायका घेऊन. ओतिलीबाई रादिमच्या दंडाला धरून आल्या, चेहरा पांढराफटक. द्राहानं टेबलावर दोन्ही पेट्या ठेवल्या आणि एकीच्या टाक्यांवरूनच सुरी फिरवली. वाळू सांडली, आणि वाळूतून तो बाहेर आला. गडद, लखलखीत, अंगावर ओरखडा नाही.

शेबकोवाबाईंनी चष्मा पुसला.

"आता चाखाच," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दगड जिभेवर ठेवला. छत्तीस वर्षांपूर्वी ठेवला होता तेव्हाही असाच लागला होता. "थंड," ते म्हणाले.

"म्हणजे माणिकच?"

हेदविका चुलीपाशी उभी होती. मास्तरांच्या नरड्याशी उचकी येऊन बसली, परवानगीची वाट बघत. "बाई," ते सावकाश म्हणाले, "एकेचाळीस वर्षांत इतका खरा दगड मी जिभेवर ठेवला नाही."

उचकी खाली गेली. त्यात खोटं काहीच नव्हतं. शेबकोवाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओतिलीबाई मटकन बाकावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसायला हवा होता. दिसलं ते आश्चर्य. ते मास्तरांना जरा विचित्र वाटलं.

संध्याकाळी मास्तरांनी लोलकाच्या पकडी दगडावर नव्यानं वळवल्या, आणि शनिवारी हेदविका तो घालून चर्चमध्ये उभी राहिली. फोटोवाल्यानं तिला "हसा" म्हणायची गरज पडली नाही.

जेवणात हंसीण आली, आंबट कोबी आला, बटाट्याचे उकडलेले गोळे आले. ओतिलीबाईंनी खुर्ची मास्तरांच्या जवळ ओढली.

"मास्तर, खडा निसटला नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "मीच वळकटीत घालून ढकलला. दोघींतल्या कुठलीच्या घशात, तेही ठाऊक होतं मला. काच आहे हे नवऱ्यानं मरताना सांगून टाकलं होतं. म्हटलं, तुमच्या जिभेवर येण्यापेक्षा हंसिणीच्या पोटात गेलेली बरी. पेटीचं माझ्या ध्यानातच आलं नाही हो, मेलं!"

मास्तरांनी हातातली हंसिणीची तंगडी ताटात ठेवली.

"आत काच गेली आणि बाहेर हा आला. कसा, ते नाही विचारत. एवढंच सांगा, आहे कुणाचा?"

"हंसिणीचा," मास्तर म्हणाले, आणि त्यांना अशी सणसणीत उचकी लागली की ॲकॉर्डियनवाला थांबला आणि अंगणात कुत्रं भुंकलं.

ओतिलीबाईंनी त्यांच्यापुढे बियरचा ग्लास सरकवला. मग मास्तरांची नजर गेली होती तिकडे, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. तिथं द्राहा पाहुण्यांना वाढत होती, गळा तसाच ओकाबोका. ओतिलीबाई उठल्या, हेदविकापाशी गेल्या, तिच्या कानात काही बोलल्या. हेदविकानं बापाकडे पाहिलं आणि स्वतःच साखळीची कडी काढली. ओतिलीबाईंनी लोलक नेऊन द्राहाच्या गळ्यात घातला. द्राहाच्या एका हातात कोबीचं भांडं होतं आणि दुसऱ्यात डाव. तिला नाही म्हणायलाही हात मोकळा नव्हता.

"आमच्याकडे रिवाज आहे," ओतिलीबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "लग्न लागलं की दगड मुलीच्या आईच्या गळ्यात जातो. तिच्याकडेच राहतो."

"हा रिवाज आपल्याकडे कधीपासून, आजी?" रादिमनं विचारलं.

"आजपासून. तू जेव."

मास्तरांनी द्राहाकडे पाहिलं. गार्नेटची घडण जमली होती.