एका दमात वाचलेली नावं

लग्न होऊन मी निपाणीत आले, तेव्हा आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात रोज दुपारी गल्लीतल्या बायका विड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, कोनाड्यात सासऱ्यांचा रेडिओ. दुपारी श्रोत्यांच्या पसंतीची गाणी लागायची. गाण्याआधी निवेदिका ते मागणाऱ्यांची नावं वाचायची, तेवढ्यापुरते सगळ्यांचे हात थांबत. एरवी कारखान्याचा माणूस दारात येऊन उभा राहिला तरी थांबत नसत.

मी खानापूरकडची, मॅट्रिक झालेली. शेजारच्या आक्का एकदा म्हणाल्या, "सदलग्याच्या बायकांची नावं येत्यात, मग आमची का न्हाईत गं? तू लिही की!"

एका पोस्टकार्डात सगळ्यांना बसवायचं होतं. मी बारीक अक्षरात नावाला नाव लावत गेले, मध्ये कसलीच खूण केली नाही. पुढं आमचं कार्ड लागलं, पण निवेदिकेनं आक्का आणि त्यांची धाकटी जाऊ या दोघींची नावं जोडून एकच बाई करून टाकली. दोघींचं तेव्हा बोलणं बंद होतं!

"मला हिच्यासंगट बांधलं व्हय गं?" आक्का उसळल्या. जाऊ तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिला बघून आक्कांनाही हसू आवरेना. त्या दिवशी दोघी एकत्रच घरी गेल्या.

"परत लिही," आक्का म्हणाल्या, "आन एकेकीच्या मधी उंबरा घाल."

मी दुसरं कार्ड घेतलं आणि प्रत्येक नावापुढं ठसठशीत स्वल्पविराम दिला. आमच्यात सगळ्यांत थोरली एक मावशी होती. पहिल्या खेपेला ती "माझं नगं" म्हणाली होती. आता सरकत जवळ आली आणि कानाशी लागली, "माझं बी घाल. पर लग्नात बदलल्यालं नगं, माहेरचं घाल." ते नाव तिनं इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं.

कार्ड पुन्हा लागलं. या वेळी निवेदिका प्रत्येक नावापाशी जरा थांबत होती. मावशीचं नाव शेवटी आलं.

"ही कोन गं?" आक्का म्हणाल्या. "आपल्यात अशी कोन न्हाय."

"मी हाय की," मावशी म्हणाली. हातातलं पान तिनं सुपात ठेवलं. "माझी आई अशीच हाक मारायची. लई वर्सं झाली."

गाणं सुरू झालं होतं. ते कुठलं होतं, ते आमच्यापैकी कुणालाच नंतर सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी गल्लीतून येताना दिसली, तशी आक्कांनी तिला त्या नावानं हाक मारली. ती तशीच चालत राहिली. आक्कांनी पुन्हा हाक दिली. तेव्हा ती थबकली, मागं कुणी आहे का ते बघायला वळली आणि मग लाजत, पण खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ!"