एक्केचाळिसावी ओळ

यादीबाईचा मेलेला नवरा रोज सकाळी इस्पितळात येतो आणि एका पेशंटचा नंबर वर लावून जातो, अशी कुजबुज स्कॅनच्या खोलीपासून धोबीखान्यापर्यंत पोचली होती. इस्पितळात औषधापेक्षा अफवा लवकर पोचते. आणि खोटं कशाला बोला, दिसायचंही तसंच. स्कॅनसाठी थांबलेल्यांची यादी हिच्या कॉम्प्युटरवर. सकाळी बटण दाबलं, की मॅक्रो, म्हणजे एकदा रेकॉर्ड केलेली कामं रोज जशीच्या तशी करणारा छोटा प्रोग्राम, सगळ्या ओळी नोंदणीच्या तारखेप्रमाणे लावी. मग पडदा क्षणभर थरथरे, आणि खालचं कुणीतरी थेट पहिल्या नंबरावर जाऊन बसे. ना ओळख, ना वशिला!

"ताई, माझ्या बहिणीचं भाऊजींच्या कानावर घाला की," आया हळूच म्हणायची.

"घालते. जिवंतपणी तरी कुठे ऐकायचे माझं!"

दोघी हसायच्या. बटण दाबताना मात्र यादीबाईला नवरा रोज समोरच्या बाकावर दिसे, स्कॅनची घडी घातलेली चिठ्ठी छातीशी धरून. उपाय तिला ठाऊक होता: मॅक्रो उघडायचा, त्यातल्या सूचनांच्या शेवटच्या दोन ओळी खोडायच्या. तीन वर्षं बोट तिथवर जाई आणि माघारी फिरे. त्याच्यासाठी तिने केलेलं शेवटचं काम त्या दोन ओळींत होतं.

दिवसाला स्कॅन बाराच. वर एक घुसला, की बाराव्याला घरी पाठवावं लागे. त्या मंगळवारी बारावा निघाला एक म्हातारा शिंपी.

"उद्या या, आजोबा."

"काल फोनवर तुम्हीच 'आज या' म्हणालात, बाई." त्याने चिठ्ठीची घडी घातली, छातीशी धरली. "बरं. उद्या असलो, तर येतो."

नवराही अगदी असंच म्हणाला होता.

यादीबाई उठली आणि तिने स्कॅनवाल्याच्या विनवण्या करून म्हाताऱ्याला आत बसवलं. परत येऊन तिने मॅक्रोतल्या त्या दोन ओळी खोडल्या, बटण दाबलं. पडदा थरथरला नाही. बाकावर कुणी नव्हतं.

कुजबुजीमागचं खरं एवढंच. तीन वर्षांपूर्वी मॅक्रो रेकॉर्ड करताना, रेकॉर्डिंग बंद करण्याआधीच, तिने यादीतली नवऱ्याची एक्केचाळिसावी ओळ कापून सगळ्यांच्या वर चिकटवली होती. मॅक्रोला नाव कळत नव्हतं, त्याने फक्त ओळीचा आकडा लक्षात ठेवला. तेव्हापासून एक्केचाळिसाव्या ओळीत जो असेल, तो वर जात होता. नवऱ्याचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होता. तो पहाटे पाचला गेला.