सासूबाईंनी सोललेली कोळंबी

मंडळी, आज चाकणहून नाइट शिफ्ट करून येताना अर्धा किलो कोळंबी आणली आणि पिशवी ओट्यावरच विसरून झोपले.

दुपारी उठले, तर जन्मात मासळीला हात न लावलेल्या माझ्या लातूरच्या सासूबाई नाकाला पदर बांधून कोळंबी सोलत होत्या! स्पीकरवर गुहागरची माझी आई. लग्नातल्या मानपानावरून दोघी तीन वर्षं बोलत नव्हत्या.

"पाठीला चीर द्या, काळा दोरा निघेल."

"निघाला की वो विहीणबाई! पण सोलून वाटीभरच राहिली. पोरीला फसवलं काय मासेवालीनं?"

आई खळखळून हसली. "नाही हो, एवढीच उरते."

मी विचारलं, "फोन कुणी लावला?"

"मीच. तू झोपलेली, मग इचारावं कुणाला?"

कालवण खाताना डोळे भरून आले. तुमच्यासाठी कुणी असं नाक दाबून काही केलंय?